लेकराच्या घराशी नातं जोडताना: नव्या अंगणवाडी सेविकांसाठी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान गावात मी सेविका म्हणून लागले, तेव्हा पहिले तीन आठवडे घरोघर फिरले. काखेत रजिस्टर, हातात पेन. जन्मतारीख सांगा, आधार दाखवा, मोबाइल नंबर द्या. पटावर ३१ लेकरं होती आणि चौथ्या आठवड्यात माझ्यासमोर बसलेली ९. नातवाला न्यायला आलेली एक आजी उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आल्या की कायतरी मागायलाव. लेकरू इथं काय करायलंय, ते कवा सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कुणाच्याही घरी काही मागायला जाण्याआधी त्यांच्या लेकराबद्दल मला दिसलेली एक तरी गोष्ट त्यांना सांगून झालेली असली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच सवयीतून आल्या आहेत. तुम्ही अंगणवाडीत असा, मिनी अंगणवाडीत असा, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या खाजगी बालवाडीत, घरच्यांशी बोलण्याचं काम सारखंच आहे. प्रशिक्षणात गाणी, गोष्टी, वजन-उंची, मोबाइलमधली नोंद हे सगळं शिकवतात. रडणाऱ्या आईशी काय बोलायचं, हे मात्र आपलं आपल्यालाच शिकावं लागतं.

आधी हे जवळ ठेवा

- एक साधी शंभरपानी वही, सरकारी रजिस्टरांपासून वेगळी. प्रत्येक लेकराला दोन पानं.
- गावाचा हातानं काढलेला नकाशा: वस्त्या, तांडा, शेतातली आखाड्यावरची घरं, पाण्याची ठिकाणं.
- प्रत्येक घरातल्या किमान दोन माणसांचे नंबर, आणि नंबरासमोर तो फोन दिवसा कुणाच्या खिशात असतो ते.
- माता बाल संरक्षण कार्ड (आई आणि बाळाच्या लसीकरणाची, वजनाची नोंद असलेलं) कोणाकडे आहे, कोणाचं हरवलंय, याची यादी.
- आशाताई, आरोग्यसेविका, पर्यवेक्षिका यांचे नंबर, आणि संकटातल्या लेकरांसाठीच्या चाइल्डलाइन या मदतवाहिनीचा १०९८.
- लेकरांनी केलेल्या कामाची एक पिशवी: चित्रं, मातीची बैलं, पानांचे ठसे. घरी जाताना यातलंच काहीतरी हातात असू द्या.

१. पहिली भेट रजिस्टराशिवाय

अंगणवाडी हा शब्दच मुळात अंगणातून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण आधी आपण जायचं आणि मग लेकरू येतं, ही रीत त्याहून जुनी आहे.

म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी एकदा रजिस्टर न घेता जा. बसायला सांगितलं तर बसा. घरात चालू असलेल्या कामाला हात लावा, शेंगा फोडत असतील तर चार शेंगा फोडा. दहा-पंधरा मिनिटं पुरे होतात. विचारायचं असेल तर हे विचारा: लेकरू कशाला भितं? झोपताना कुणाजवळ झोपतं? घरी काय नावानं हाक मारता? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. पटावरच्या नावाला ओ न देणारं पोर "सोन्या" म्हटल्यावर मान वर करतं, आणि ती हाक तुम्हाला माहीत आहे हे पाहून आईचाही जीव भांड्यात पडतो.

इथं एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिते. ज्या घरात पाणी देतील, त्या घरात पाणी प्या. चहा दिला तर चहा घ्या. आपल्या गावांत कोण कुणाच्या घरचं पाणी पितं, यावर अजूनही डोळे असतात. तुम्ही एका आळीत चहा घेतला आणि दुसऱ्या आळीत "आत्ताच घेतला" म्हणालात, तर ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ज्यांना आयुष्यभर हेच ऐकावं लागलंय, त्यांना तुमचं कारण खरं असलं तरी खरं वाटणार नाही. मी भेटी नेहमी गावाच्या टोकाकडून सुरू करते: आधी तांडा, मग लांबची वस्ती, मग गावठाण. वेशीजवळची मोठी घरं शेवटी. एकदा या क्रमाचा एका घराला राग आला होता. दोन महिन्यांनी तो गेला.

२. घरातलं ऐकणारं माणूस शोधा

पालक म्हणजे आई, असं धरून चाललात तर अर्धी घरं हातची जातील. आई पहाटे रोजंदारीला जाते आणि दिवे लागल्यावर येते. लेकराला उठवणारी, आंघोळ घालणारी, अंगणवाडीत सोडणारी आजी असते. लेकरू रडलं म्हणून घरी ठेवून घेणारीही तीच. तेव्हा आजीशी बोला, पण आईला वगळून नको. आजीला सांगितलेलं आईपर्यंत पोहोचताना कधी कधी सुनेवरचा आरोप होऊन पोहोचतं. "लेकराचं वजन कमी भरलं" याचं "सून लेकराकडं बघत नाही" झालेलं मी दोनदा पाहिलंय. वजनाचं, आजारपणाचं, वागण्याचं काही असेल तर दोघींना एकत्र बसवूनच बोला.

बाप लोकांना आपण बोलावतच नाही, मग ते येत नाहीत अशी तक्रार करतो. माझ्याकडे बापांची सभा कधी भरली नाही, पण सकाळी दुधाच्या गाडीजवळ उभ्या उभ्या झालेली बोलणी खूप आहेत. "दादा, तुमच्या पोरीनं काल सगळ्यांना ओळीत बसवलं आणि गोष्ट सांगितली," एवढं सांगून बघा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस लेकराला गाडीवर बसवून आणून सोडतो.

काही घरांत बाप नाही. आपल्या भागात शेतकरी आत्महत्यांनी किती घरं अशी झालीत, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. अशा लेकराची माहिती भरताना चारचौघांत "वडलांचं नाव काय?" असं विचारू नका. आधी आशाताईकडून समजून घ्या, मग आईला एकटीला विचारा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं, हे अशा आईला नक्की सांगा. तिच्यासाठी ती कागदावरच्या एका ओळीपेक्षा मोठी गोष्ट असते.

३. वेळ शेताला विचारून ठरवा

जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यातच कापसाची वेचणी सुरू, फेब्रुवारी-मार्चला ज्वारीची काढणी. या दिवसांत दुपारी दोनची सभा ठेवली तर चार म्हाताऱ्या आणि दोन बाळंतिणी येतात. दोष आयांचा नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून या, असं आपण कुणाला सांगू शकत नाही.

मला जमलेल्या वेळा: संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधीचा अर्धा तास, आणि अमावास्येचा दिवस, कारण आमच्याकडे त्या दिवशी बरेच जण औत धरत नाहीत. बाजाराचा दिवस टाळा. उन्हाळ्यात टँकर यायची वेळ टाळा, किंवा टँकरच्या रांगेतच जाऊन उभ्या राहा. दोन घागरी भरेपर्यंत होणारं बोलणं सभेपेक्षा मोकळं असतं.

लातूर-धाराशिवकडं असाल तर येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, कुणी शेतात जेवायला बोलावलं तर जाच. आंबील आणि भज्जीच्या पंगतीत बसलेल्या बाईंना पुढं वर्षभर कुणी परकं मानत नाही.

४. रोज दारात दोन वाक्यं

सगळ्यात कमी वेळ खाणारी आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी पायरी हीच. सुटताना जे कुणी न्यायला येईल, त्याला त्या दिवशी लेकरानं केलेली एक नेमकी गोष्ट सांगा. "चांगलं राहिलं" ही गोष्ट झाली नाही. "आज डबीचं झाकण स्वतः उघडलं, मला हात लावू दिला नाही," ही झाली. "शेजारचं पोरगं रडायलं होतं, तर याच्या वाटणीचं खेळणं त्याला दिलं," ही झाली.

२५-३० लेकरं असताना रोज सगळ्यांचं लक्षात राहत नाही. मी दिवसाला पाच लेकरं ठरवते. त्या दिवशी त्या पाचांकडं जरा जास्त लक्ष द्यायचं, सुटायच्या आधी वहीत एकेक ओळ लिहायची आणि तीच ओळ दारात सांगायची. आठवड्यात सगळा पट होतो. मदतनीस ताईलाही यात घ्या. लेकरं कितीतरी गोष्टी तिलाच सांगतात, आणि गल्लीतल्या बायकांचा तिच्यावर तुमच्यापेक्षा जुना विश्वास असतो.

इथं बहुतेक जणी एक चूक करतात. तक्रार दारात सांगायची नाही. लेकरानं कुणाला चावलं, चड्डीत केलं, मारलं, हे इतर बायकांसमोर ऐकलं की आईची मान खाली जाते आणि लेकराच्या पाठीत तिथंच धपाटा बसतो. दुसऱ्या दिवशी ते लेकरू येत नाही. आईला "जरा थांबता का" म्हणा, गर्दी सरू द्या, मग बोला.

५. "लिहायला कधी शिकवणार?"

हा प्रश्न तुम्हाला रोज येणार आहे. भावकीतलं एक पोर तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातं, पिवळ्या गाडीतून उतरतं आणि ए बी सी डी म्हणतं. इथं आपलं पोर गाणी म्हणतं, खडे मोजतं. आईबापांना धास्ती वाटते आणि ती खरी असते. तिला हसू नका, खाजगी शाळेला नावंही ठेवू नका. लेकराच्या पुढच्या आयुष्याची काळजी म्हणूनच ते विचारत असतात.

माझं उत्तर मी हातानं देते. मूठभर तूर आणि हरभरा एकत्र करून आईसमोर लेकराला निवडायला बसवते. दाणा चिमटीत धरताना बोटं कशी अवघडतात ते आईला दिसतं. मग सांगते: पेन्सिल याच चिमटीत धरायची असते. ही बोटं तयार व्हायच्या आधी पाटी हातात कोंबली तर हात दुखतो आणि लेकराला अक्षराचाच कंटाळा येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानलाय आणि पहिलीला सहा वर्षांचं झाल्यावर जायचं म्हटलंय, हेही सांगा. पण धोरणाचं नाव शेवटी घ्या, दाणे आधी.

मग घरी करायला काम द्या, आणि ते घरच्याच कामातलं असू द्या. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, भाकरीच्या पिठाचा छोटा गोळा मळायला देणं, धुतलेल्या कपड्यांतून आपले-तुपले वेगळे करणं, ताटं मांडताना माणसं मोजणं. शेळीला पाला टाकताना "किती शेळ्या, किती करडं" हेही गणितच आहे. शाळा न शिकलेल्या आईला वाटतं की आपल्याला लेकराला काही शिकवता येणार नाही. रोज हातानं होणाऱ्या कामाचंच हे शिक्षण आहे हे तिला कळलं की तिचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलंय, आणि नोकरीत मला त्याहून गोड काही मिळालेलं नाही.

समजावूनही कुणी लेकरू काढून तालुक्याला घातलं तर नातं तोडू नका. त्या घरात धाकटं बाळ असतं, त्याचं लसीकरण असतं, गरोदर जाऊ असते. भेटल्यावर "आमचा वाघ कसाय?" एवढं विचारा.

६. घरची बोली आत येऊ द्या

मराठवाड्यात एका अंगणवाडीत तीन बोल्या सहज असतात. तांड्यावरचं लेकरू गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं, मोहल्ल्यातलं दखनी. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडं कन्नड. असं लेकरू पहिले दोन-तीन महिने गप्प बसलं तर त्याला "मंद" म्हणू नका, घरच्यांसमोर तर मुळीच नको. ते ऐकत असतं, गोळा करत असतं. घरी ते मोकळं बोलतं का, हे आईला विचारा. बोलत असेल तर काळजीचं कारण सहसा नसतं.

आईकडून दहा शब्द शिकून घ्या: पाणी, भूक, दुखतंय, शू, ये, घर. मी गोरमाटीतला "याडी" हा शब्द, म्हणजे आई, पहिल्यांदा वर्गात वापरला तेव्हा कोपऱ्यातली एक मुलगी उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. तांड्यावरच्या एखाद्या आजीला बोलवा, त्यांच्या बोलीतलं गाणं सगळ्या लेकरांना शिकवू द्या. ज्यांना आजवर "तुमचं पोरगं मराठीत बोलत नाही" एवढंच ऐकायला मिळालं, त्यांच्या दृष्टीनं त्या दिवशी अंगणवाडी त्यांची होते.

७. पालकसभा: भाषण कमी, खेळ जास्त

सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. आपणही. खुर्ची एकही नको, सरपंच आले तरी नको, आणि हे त्यांना आदल्या दिवशी प्रेमानं सांगून ठेवा. पाऊण तासावर सभा नेऊ नका. आधी आयांना लेकरांचाच एखादा खेळ खेळायला लावा: ठसेकाम, मणी ओवणं, डोळे बांधून वास ओळखणं. मग विचारा, यातून लेकरू काय शिकत असेल? त्यांची उत्तरं आपल्या भाषणापेक्षा चांगली असतात.

निरोप लेकरांकरवी पाठवा. लेकरानं स्वतः रंगवलेला कागद घरी गेला की सहसा कुणी टाळत नाही. दवंडी किंवा मंदिराच्या भोंग्यावरची घोषणा ही शेवटची सोय. सभेत कुणाच्याही लेकराचं वजन, श्रेणी, गैरहजेरी वाचून दाखवू नका.

८. फोन, ग्रुप आणि ओटीपी

व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण त्यावर विसंबू नका. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो घरधन्याबरोबर बाहेर जातो. ग्रुपवर लिहिलेलं वाचता न येणारेही असतात, म्हणून मी बोलून निरोप पाठवते, अर्ध्या मिनिटाच्या आत. लेकरांचे फोटो टाकण्याआधी घरच्यांना विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही लेकरांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. जेवताना, अंघोळ करताना, वजनकाट्यावर उघड्या अंगानं असलेलं लेकरू, असले फोटो कधीच नको. रात्री आठनंतर मी ग्रुपवर काही टाकत नाही.

पोषण ट्रॅकर या सरकारी नोंदणीच्या ॲपमधली ओळख पडताळणी, आईचा चेहरा जुळवणं, ओटीपी, यावरून भांडणं होतात. लोकांचे पैसे ओटीपी सांगून गेलेत, त्यांनी घाबरणं बरोबरच आहे. फोनवर ओटीपी मागू नका. समोर जा, मोबाइलचा पडदा त्यांना दाखवा, कशासाठी आहे ते सांगा, मगच विचारा. चेहरा जुळला नाही तर "तुमचं नाव कटलं" असं बोलून मोकळ्या होऊ नका. पुन्हा कधी करायचं ते सांगा आणि त्या दिवशी हजर राहा.

९. अवघड बोलणं

वजनाचं: दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लेकरू अतितीव्र कुपोषणात मोजलं जातं आणि तिथं थांबायला वेळ नसतो. तरी आईला पहिलं वाक्य "लेकरू कुपोषित आहे" असं सांगू नका. तिच्या कानाला ते "तू आई म्हणून कमी पडलीस" असं लागतं. मी आधी विचारते, मागच्या महिन्यात आजारी होतं का, जुलाब झाले का, खातं का. मग दंड मोजायची रंगीत पट्टी तिच्याच हातात देते आणि रंग तिलाच वाचायला लावते. पुढं काय करायचं ते त्याच बैठकीत ठरवा: कोणत्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुणाबरोबर, गाडीचं काय, मागं घरी मोठ्या लेकराला कोण बघणार. बहुतेक वेळा आई गेली नाही याचं कारण हा शेवटचा प्रश्नच असतो.

उशिरा बोलणं, न ऐकू येणं, नजर न देणं: दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर "मोठं झाल्यावर बोलंल" म्हणून सोडू नका. रोगाचं नाव घेणं आपलं काम नाही. आपण पाहिलंय तेवढंच सांगायचं: "मागून हाक मारली तर वळत नाही, तीनदा पाहिलं." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी हे लेकरू हजर राहील आणि सोबत घरचं मोठं माणूस असेल, एवढं नक्की करा. शक्य असेल तर पुढं जिल्ह्याला पाठवलं तेव्हा पहिल्या खेपेला सोबत जा. एका मुलीबाबत मी सहा महिने गप्प बसले, घरच्यांना वाईट वाटेल म्हणून. तिला ऐकूच येत नव्हतं. ते सहा महिने मला परत आणता येत नाहीत.

मारहाण किंवा त्याहून वाईट काही दिसलं तर: लेकराला खोदून खोदून विचारू नका, घरी जाऊन जाबही विचारू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तरी २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात मिटवून घ्यायला लोक येतील, त्यात आपले नातेवाईकही असतील. १०९८ ला फोन करा, पर्यवेक्षिकेला लेखी कळवा आणि तारीख टाका.

१०. आपण त्याच गावच्या असतो

याबद्दल प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. सेविका गावातलीच लागते, म्हणजे आपण कुणाची तरी सून, कुणाची जाऊ, कुणाच्या तरी भावकीतल्या. बांधावरून ज्या घराशी आपल्या घराचं दोन पिढ्यांपासून बोलणं नाही, त्या घरातलंही लेकरू पटावर असतं. मी त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "तिथं तुमची सून गेली नाही, लेकराची बाई गेली."

पण नुसतं म्हणून भागत नाही. आहार वाटताना ओळ कशी लावता, कार्यक्रमात कुणाची पोरगी पुढं उभी राहते, कुणाच्या लेकराला मांडीवर घेता, हे सगळं पाहिलं जातं. मी नाचगाण्यात पुढची ओळ चिठ्ठ्या टाकून ठरवते. निवडणुकीच्या दिवसांत कुणाच्याही ओसरीवर बसत नाही. आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात बोलत नाही, माझ्या नवऱ्यापाशीही नाही. पहिल्या वर्षी बायका मुद्दाम काहीतरी सांगून बघतात, ते फिरून येतं का हे तपासायला. ते फिरून आलं नाही की दुसऱ्या वर्षापासून खरं बोलू लागतात.

११. कोयत्याला जाणारी घरं

दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या खेपा वाढतात, दिवाळी सरली की ट्रक, ट्रॅक्टर लागतात. "बाई, आम्ही उद्या कारखान्याला जायलोत," असं सांगायला कुणी आलं तर समजा की वर्षभराचं तुमचं काम पोहोचलं. बहुतेक घरं न सांगताच जातात, कारण आपण सही, नोंद, प्रश्न यांत अडकवू असं त्यांना वाटतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, थांबणं त्यांच्या हातात नसतं. "लेकराचं नुकसान करताय" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका. ते त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

नवरात्रातच या घरांची यादी करा आणि जाण्याआधी एवढं उरका:

- कारखान्याचं नाव, तालुका, मुकादमाचा नंबर आणि टोळीतल्या दुसऱ्या एखाद्या माणसाचाही नंबर.
- माता बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात. राहिलेली लस, जंतनाशक गोळी जाण्याआधी.
- तिकडच्या अंगणवाडीत जाऊन आधार आणि मोबाइल नंबर सांगितला की पोषण ट्रॅकरमध्ये नाव तिकडं वळवता येतं, हे आईला दोनदा समजावून. "आमच्या बाईंनी पाठवलंय" म्हणायला सांगा. अनोळखी ठिकाणी पाऊल टाकायला तेवढा आधार लागतो.
- लेकरू आजी-आजोबांकडं राहणार असेल तर कुणाकडं, आणि रात्री ताप आला तर निर्णय कोण घेणार.
- मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला सोबत नेतायत का, हे विचारून शाळेतल्या गुरुजींना सांगणं. हंगामी वसतिगृहाची सोय तिच्यासाठी असते.

गेल्यावर महिन्यातून एकदा फोन करा. ऊस पहाटे तोडतात, गाडी भरायला रात्रही होते, तेव्हा वेळ त्यांनाच विचारून घ्या. लेकराला फोनवर घ्या, वर्गातलं एखादं गाणं सगळ्यांकडून म्हणवून ऐकवा. मागं राहिलेल्या लेकरांच्या आयांना उलट्या बाजूनं फोन करा आणि वहीतली एक ओळ वाचून दाखवा. उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, बसलेल्या आईला "तुमच्या लेकीनं आज स्वतःचे केस स्वतः विंचरले" एवढं ऐकवलं, तर ती पलीकडून बराच वेळ काहीच बोलत नाही. फोन ठेवू नका. थांबा.

माझ्या खोलीत प्रत्येक लेकराच्या नावाची चिठ्ठी आणि त्याचं स्वतःचं एक चित्र भिंतीवर असतं: कुणाचं झाड, कुणाची शेळी, कुणाचा ट्रॅक्टर. वाचता न येणारी लेकरंही चित्रावरून आपली जागा ओळखतात. कोयत्याला गेलेल्यांच्या चिठ्ठ्या मी काढत नाही. गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परततात, लेकरं उन्हानं काळवंडून, उंच होऊन, थोडी बुजून दारात उभी राहतात. आधी ती भिंतीकडं बघतात. शेळी तिथंच असते.